नलिनी मलानींसाठी दोन प्रोजेक्टर लावा: महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतले सर्वजण यांना,

स. न. वि. वि.

मी तुमच्यातलीच एक. जिल्ह्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवली, दर वर्षी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवली आणि गावातल्या फिल्म सोसायटीची वर्गणी एकदाही थकवली नाही. परदेशी सिनेमा म्हणून जे काही मला कळलं, ते तुमच्यासारख्या कार्यकर्त्यांनी खुर्च्या उचलून, प्रिंट स्टेशनवरून सोडवून आणून दाखवलं म्हणून कळलं. ते ऋण मनात ठेवूनच हे पत्र लिहिते आहे.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत वर्षाचा कार्यक्रम ठरत होता, तेव्हा मी नलिनी मलानींच्या सुरुवातीच्या फिल्म्स दाखवू या असं सुचवलं. विषय दोन मिनिटांत मिटला. एक जण म्हणाले, "त्या चित्रकार ना? मग ते गॅलरीवाल्यांनी बघावं." दुसरे म्हणाले, "चार मिनिटांच्या फिल्मसाठी माणसं घरातून कशाला निघतील?" तिसऱ्यांना माझं मन मोडवेना. त्यांनी तोडगा काढला, की ८ मार्चला महिला दिनाचा कार्यक्रम आहेच, त्यात भाषणांच्या आधी पाच मिनिटं देऊ. मी नको म्हटलं. का नको, ते त्या बैठकीत मला नीट मांडता आलं नाही. आज मांडते आहे. आणि आमच्या एकाच सोसायटीपुढे मांडून भागणार नाही, कारण मी चौकशी केली त्या बहुतेक ठिकाणी उत्तर थोड्याफार फरकाने हेच आलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा सिनेमा आहे, मुंबईत घडलेला आपला सिनेमा आहे, आणि तो सिनेमा म्हणूनच दाखवला गेला पाहिजे.

सुरुवात थोडी मागून करते. दादासाहेब फाळके १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकायला आले, हे आपल्याला तोंडपाठ असतं. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, त्यांनी एक छोटी फिल्म केली होती, तेही आपण वाचलेलं असतं. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेत राहिले. पडद्यावर बघणाऱ्यांना रोप डोळ्यांदेखत उगवून वाढताना दिसलं. 'अंकुराची वाढ'. भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला तो ती बघून. त्या सगळ्या खटाटोपात सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मला भोकं पाडत, ती धूत, रसायनं कालवत. म्हणजे आपल्या सिनेमाची पहिली चाल एकेका फ्रेमची होती, आणि तिला एका बाईचे हात लागलेले होते.

या गोष्टीला सत्तावन्न वर्षं झाल्यावर, १९६९ साली, त्याच जे. जे. मधून नुकतीच पदविका घेतलेली एक तेवीस वर्षांची मुलगी पुठ्ठ्याचं एक घर समोर मांडून त्याची एकेक फ्रेम घेत होती.

त्या नलिनी मलानी. जन्म कराचीतला, १९४६ चा. फाळणीत घर गेलं. वडील टाटा एअरलाइन्समध्ये होते. आधी कोलकाता, मग १९५४ पासून मुंबई, तिथे सिंधी निर्वासितांसाठी बांधलेल्या वसाहतीत बिऱ्हाड. घर ही वस्तू नकाशावरच्या एका रेघेने नाहीशी होऊ शकते, हे ज्या मुलीने लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकलं, तिची पहिली फिल्म घराची असावी यात मला नवल वाटत नाही. जे. जे. मध्ये शिकत असतानाच भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम करायला खोली मिळाली. ब्रीच कँडीच्या त्या जागेत एका छपराखाली चित्रकार, नाटकवाले आणि गाणारे-वाजवणारे काम करत. एकाची तालीम चाले, दुसऱ्याचा कॅनव्हास सुकत असे. चित्राला नाटकाचा आणि सुरांचा शेजार असतो हे त्यांना कॉलेजच्या वर्गापेक्षा तिथे जास्त कळलं असणार, असं त्यांचं पुढचं काम बघून वाटतं.

मग आलं ते व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप. चित्रकार अकबर पदमसी यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशांत दुसऱ्या कुणी स्वतःची चित्रं निवांत केली असती. पदमसींनी नेपियन सी रोडवर जागा घेतली, १६ एमएमचा कॅमेरा आणला, डार्करूम उभी केली, एचिंगचा प्रेस बसवला आणि चित्रकार, फोटोग्राफर, सिनेमावाले अशा सगळ्यांना दार उघडं ठेवलं. मणी कौल आणि कुमार शहानी या दिग्दर्शकांचं तिथे येणंजाणं होतं. १९६९ ते १९७२, एवढंच त्या कार्यशाळेचं आयुष्य. स्वतः पदमसींनी तिथे 'सिझिजी' नावाची रेषांची फिल्म केली. त्यांची दुसरी, 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर', हरवली ती हरवलीच. या सगळ्यांत वयाने सर्वांत लहान होत्या मलानी.

इथे तारखा नीट बघा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी सुरू झाली १९६८ साली. म्हणजे ज्या वर्षी आपण गिरगाव-दादरला जगाचा सिनेमा दाखवायला सुरुवात केली, त्याच्या पुढच्याच वर्षी, त्याच शहरात, बसच्या एका तिकिटाच्या अंतरावर, हा सिनेमा तयार होत होता. आपली आणि त्याची भेट झाली नाही. तेव्हाच्या मंडळींना मी दोष देत नाही, असल्या फिल्म्सची तेव्हा कुणाला खबरही नसणार. पण आज खबर आहे.

'ड्रीम हाउसेस' ही ती पुठ्ठ्याच्या घराची फिल्म. ८ एमएम, रंगीत, स्टॉप मोशन. त्या काळी मुंबईत नव्या घरांची मोठी चर्चा होती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची योजना मांडली होती, आणि ते वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. साधेपणाने, स्वस्तात, सगळ्यांना उजेड-वारा मिळेल अशी घरं बांधता येतील, असा विश्वास होता. मलानींनी तो विश्वास तसाच उचलला आणि पुठ्ठ्याच्या चौकोनी खोल्यांचं मॉडेल केलं. त्यावर रंगीत उजेड सोडला आणि फ्रेम-फ्रेम करत तो उजेड हलवत नेला. तांबडा येतो, भिंत पुढे सरकल्यासारखी वाटते. निळा येतो, तीच भिंत मागे जाते. पुठ्ठा जागचा हललेला नसतो, तरी घर श्वास घेतं.

हे मी नुसतं वर्णन वाचून सांगत नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षी नववीच्या मुलींना घेऊन आम्ही वर्गात हे करून पाहिलं. बुटांची खोकी कापली, फेविकॉलने जोडली, खिडक्या-दारं कटरने काढली. टॉर्चवर जिलेटिन पेपर गुंडाळले, तांबडे, पिवळे, निळे. मोबाइल स्टुलावर चिकटपट्टीने बसवला आणि खिडक्यांना चादरी लावून अंधार केला. सेकंदाला बारा फोटो धरले, तर एका मिनिटाला ७२० होतात. प्रत्येक फोटोआधी टॉर्च बोटभर सरकवायची आणि हात बाहेर घ्यायचा. दोन दिवस लागले. फिल्म झाली चाळीस सेकंदांची. त्यात एका ठिकाणी एका मुलीचा हात आत राहून गेला. बोटाला फेविकॉलची सुकलेली साल आणि मनगटावर लाल दोरा. मुली म्हणाल्या, बाई, हा फोटो काढून टाकू. पण ती मुलगी म्हणाली, राहू द्या ना, घर बांधणाऱ्या बाईचा हात आहे तो. आम्ही ठेवला. चाळीस सेकंदांसाठी दोन दिवस पाठ मोडली, की चार मिनिटांच्या फिल्मला "फक्त चार मिनिटं" म्हणायला जीभ रेटत नाही.

आणि आता ती फिल्म, जिच्यासाठी मी तुमच्याकडे दोन प्रोजेक्टर मागते आहे. 'युटोपिया'. तिच्यापुढे वर्ष लिहितात १९६९–१९७६. मलानींनी 'ड्रीम हाउसेस'च्या शेजारी, सात वर्षांनी, दुसरी एक फिल्म ठेवली. १६ एमएम, काळी-पांढरी. एक तरुण बाई उंच इमारतीतून खाली शहराकडे बघते आहे आणि समोर पसरली आहे झोपडपट्टी. दोन्ही फिल्म्स एकाच वेळी, एकमेकींच्या बाजूला चालतात. एका बाजूला पुठ्ठ्याचं स्वप्न रंग बदलत राहतं, दुसऱ्या बाजूला ती बाई बघत राहते.

१९७६ म्हणजे आणीबाणीचं वर्ष. त्या मे महिन्यात मानखुर्दजवळची जनता कॉलनी पोलीस बंदोबस्तात जमीनदोस्त झाली आणि हजारो कुटुंबांना चीता कॅम्पला नेऊन सोडलं. फिल्ममध्ये हे काही सांगितलेलं नाही. निवेदन नाही, पाटी नाही. तुमची नजर मात्र दोन चित्रांच्या मधल्या काळ्या फटीत जाऊन थांबते. सात वर्षांत काय झालं, ते त्या फटीत आहे. मी ही फिल्म परगावी एका संग्रहालयात पाहिली तेव्हा माझ्या शेजारी वयस्कर गृहस्थ उभे होते. आमची ओळख नव्हती. फिल्म संपून पुन्हा सुरू झाली तरी आम्ही दोघंही हललो नाही. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर ते आपणहून म्हणाले, "आमच्या घराचा ताबा अजून मिळालेला नाही." बस. एवढं बोलून ते पुढे गेले.

म्हणून दोन प्रोजेक्टर. एकाच पडद्यावर आधी ही आणि मग ती, असं दाखवलं तर ती फटच उरत नाही. आणि त्या फटीशिवाय ही फिल्म नाहीच.

त्या वर्षांतल्या बाकीच्या फिल्म्सबद्दल थोडक्यात सांगते. 'स्टिल लाइफ'मध्ये कॅमेरा घरातल्या वस्तूंवरून हळूहळू फिरतो. 'ओनॅनिझम'मध्ये पलंगावर एक बाई आहे, एकटी, आणि तिच्या देहाची तगमग. १९६९ साली मुंबईत तेवीस वर्षांच्या मुलीने हे चित्रित केलं. आपल्या पडद्यावर तेव्हा बाईच्या इच्छेच्या जागी दोन फुलं एकमेकांना टेकत होती. ही फिल्म चाळवण्यासाठी केलेली नाही. ती बाई आपल्याला दाखवण्यासाठी काही करत नाही, तिचं तिच्याशी चाललेलं आहे, आणि बघणाऱ्याला म्हणूनच अवघडायला होतं. आमच्या बैठकीत या फिल्मचं नाव निघताच सगळे खाली बघू लागले. परदेशी दिग्दर्शकांच्या सिनेमातली उघडी शरीरं आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं कलेच्या नावाने निवांत बघितली आहेत. मग आपल्याच शहरातल्या एका मुलीने कॅमेरा स्वतःच्या हातात घेतला तेव्हा खाली बघायचं कारण काय? हा प्रश्न मी रागाने विचारत नाही, पण उत्तर मला हवं आहे.

मधली दोन वर्षं त्या फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला होत्या. परत आल्यावर, १९७३ साली, 'टॅबू'. राजस्थानातले विणकर. त्या घरांतल्या बायका कष्ट सगळे करतात, पण मागाला त्यांचा हात लागता कामा नये. हे बघताना मला सरस्वतीबाई आठवल्या. राबणाऱ्या हातांना आपल्याकडे कधी कमी नव्हती. यंत्रापाशी मालकीने कुणी बसायचं, यावर सगळं अडतं.

यानंतर मलानी चित्रांकडे वळल्या, आणि या फिल्म्स पुढची बरीच दशकं जवळपास कुणी बघितल्याच नाहीत. दाखवणार कुठे? गॅलरीत प्रोजेक्टर नव्हता. सिनेमावाल्यांना गोष्ट हवी होती. चित्रकारांना भिंतीवर टांगता येईल, विकता येईल असं काही हवं होतं. पैशाचं तर बोलायलाच नको. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाच्या पैशांतून त्याच १९६९ च्या सुमारास नव्या सिनेमाची पहाट झाली म्हणतो आपण, आणि ते खरंच आहे. पण चार मिनिटांच्या फिल्मला कर्ज देणारं खातं कुठल्याच कचेरीत नव्हतं. आजही नाही.

लोहार चाळीत त्यांचा स्टुडिओ होता. हातगाड्या, विजेचं सामान, ओझी वाहणारी माणसं, फुटपाथवरचे संसार, हे सगळं त्यांच्या चित्रांत आणि रेखाटनांत आलं. अर्पिता सिंग, नीलिमा शेख, माधवी पारेख आणि त्या, अशा चौघींनी मिळून १९८७ पासून गावोगाव प्रदर्शनं नेली. तेव्हा बायकांनी एकत्र येऊन असं करणं सोपं नव्हतं. आपले अरुण खोपकर यांनी १९९० मध्ये भूपेन खख्खर, विवान सुंदरम आणि मलानी या तिघा चित्रकारांवर 'फिगर्स ऑफ थॉट' हा माहितीपट केला. तो तुमच्यापैकी अनेकांनी दाखवलाही असेल. म्हणजे मलानींवर दुसऱ्याने केलेली फिल्म आपल्याला चालते. त्यांनी स्वतः केलेली तेवढी राहून गेली.

१९९२ नंतर त्या पुन्हा हलत्या चित्राकडे आल्या. त्या वर्षी त्यांनी मुंबईच्या गॅलरी केमोल्डच्या भिंतींवर थेट चित्रं काढली. पंधराएक दिवस ती राहिली आणि मग त्यांवर चुना फिरवला गेला. विकण्यासारखं काही उरलं नाही, पाहिलेल्यांच्या आठवणीत काय ते राहिलं. देशाचं वातावरण फाटत चाललं होतं, आणि फ्रेममधलं चित्र चार ओळखीच्या लोकांपलीकडे जात नाही हे त्यांना बोचत होतं.

१९९८ च्या ११ आणि १३ मे ला पोखरणला अणुचाचण्या झाल्या, आणि महिना उलटायच्या आत पलीकडून पाकिस्ताननेही केल्या. कराचीत जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या बाईने त्या बातम्या कशा ऐकल्या असतील? त्यातून 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' झालं. मंटोंच्या कथेतला तो वेडा, जो दोन्ही देशांच्या मधल्या जमिनीवर उभा राहतो आणि तिथेच कोसळतो, तो या नावामागे आहे. ते मांडलं कुठे, तर प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, जिथे शाळेच्या सहली येतात आणि गावाकडचे पाहुणे आवर्जून नेले जातात. खोलीत बारा पत्र्याच्या ट्रंका. आपल्या माळ्यावर असतात तसल्याच, कडी-कोयंड्याच्या. झाकण उघडं, आत अंथरूण आणि त्यात एकेक टीव्ही, त्यावर विस्थापितांची चित्रं. समोरच्या भिंतीवर अणुस्फोटाचा ढग. आणि बाजूच्या समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन बायका, एक इकडे, एक तिकडे. दोघी मिळून एक साडी घडी घालायचा प्रयत्न करत आहेत.

साडीची घडी घालणं काय असतं, ते कुठल्याही घरातल्या माणसाला सांगावं लागत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायचं, झटकायचं, मग एकीने चालत दुसरीकडे जायचं आणि आपली टोकं तिच्या हातात द्यायची. त्या चालत जाण्यानेच घडी पडते. इथे मध्ये सगळी खोली आहे, ट्रंका आहेत, तो ढग आहे. त्या दोघी एकमेकींपर्यंत पोचूच शकत नाहीत. फाळणीवर पुस्तकं आहेत, सिनेमे आहेत. पण आईबरोबर गच्चीवर साड्या घडी घातलेल्या मला, फाळणी म्हणजे काय हे या दोन भिंतींइतकं दुसऱ्या कशानेही कळलेलं नाही.

चित्रकलेची बाई म्हणून आणखी एका गोष्टीपाशी थांबते. भूपेन खख्खर यांच्याकडून मलानी पारदर्शक पृष्ठाच्या मागच्या बाजूने रंगवायचं तंत्र शिकल्या. यात सगळा क्रम उलटा असतो. कागदावर आपण आधी पार्श्वभूमी, मग चेहरा, मग डोळा आणि शेवटी डोळ्यातला पांढरा ठिपका करतो. मागून रंगवताना तो ठिपका पहिला द्यावा लागतो. चुकला तर नंतर दुरुस्ती नाही, कारण पुढचा प्रत्येक थर त्याच्या मागे जाणार. असं त्यांनी मायलरच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या, मोठमोठ्या नळकांड्यांवर रंगवलं. ती छताला टांगली, मोटरने संथ फिरवली आणि त्यांतून दिव्याचा आणि व्हिडिओचा झोत सोडला. भिंतीवर सावल्या फिरू लागतात. नळकांड्यावरची चित्रं आणि मागून येणारं हलतं चित्र एकमेकांतून जातात आणि बघणाऱ्याची स्वतःची सावलीही त्यात मिसळते.

हे वाचताना कुडाळजवळच्या पिंगुळीची आठवण होणार नाही असा कोकणातला माणूस नसेल. ठाकर मंडळींच्या चामड्याच्या बाहुल्या, मागे दिवा, पुढे पडदा आणि रामायणातली कथा. दोन्हींचा धागा एक आहे असा माझा दावा नाही, पण आपल्या प्रेक्षकाला हे परकं वाटेल ही भीती खोटी आहे, एवढं नक्की सांगेन. जर्मनीतल्या कासेलला २०१२ च्या 'डॉक्युमेंटा' या मोठ्या कलाप्रदर्शनात याच पद्धतीचं 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' मांडलं होतं. नाव उर्दू कवी फैज यांच्या कवितेतून आलेलं आणि आत महाश्वेतादेवींच्या कथेतली द्रौपदी. जगाने ते बघितलं. पिंगुळीच्या माणसाला ते कळणार नाही, असं आपण कशाच्या आधारावर ठरवतो?

२०१७ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने त्यांच्या पन्नास वर्षांच्या कामाचं प्रदर्शन केलं. २०१९ मध्ये होआन मिरो पुरस्कार, २०२३ मध्ये जपानचा क्योतो पुरस्कार. ही यादी मी मोठेपणा सिद्ध करायला देत नाही. मला ती देताना वाईट वाटतं, कारण आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी एकदाही न दाखवलेल्या बाईची यादी आहे ही.

आणि सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी काय केलं? पुन्हा एकेक फ्रेम. आयपॅडवर, बोटाने. 'कॅन यू हिअर मी?', ८८ छोटी अ‍ॅनिमेशन्स, २०२० मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत एकाच वेळी भिंतीभर चाललेली. त्या कामाच्या मुळाशी जम्मूतल्या कठुआची, अत्याचार करून मारली गेलेली आठ वर्षांची मुलगी आहे. रेषा चिडलेल्या, खोडलेल्या, पुन्हा ओढलेल्या, अक्षरं मध्येच फुटणारी. १९६९ मध्ये पुठ्ठ्यापुढे बसलेला हात तोच आहे. आता त्याला कॅमेराही लागत नाही.

तर माझी मागणी. ८ मार्चची पाच मिनिटं नकोत, कारण तिथे ही फिल्म सत्कार आणि आभार यांच्यामध्ये चेंगरून जाईल, आणि बाईने केली एवढंच तिचं महत्त्व उरेल. वर्षातली एक साधी संध्याकाळ द्या, जशी तुम्ही एखाद्या मोठ्या दिग्दर्शकाला देता. मलानींच्या स्टुडिओला सोसायटीच्या लेटरहेडवर रीतसर पत्र लिहा, परवानगी मागा, मानधन विचारा. मोबाइलवर कुठून तरी मिळालेला तुकडा लावू नका. ज्या बाईचं काम इतकी वर्षं दडून राहिलं, तिच्याकडून ते फुकट घेणं बरं दिसत नाही. फिल्म एकदा दाखवा, पंधरा मिनिटं बोलू द्या, मग पुन्हा दाखवा. खुर्च्या मागच्या निम्म्या भागात ठेवा, म्हणजे ज्यांना उभं राहून, जवळ जाऊन बघायचं आहे त्यांना जागा होईल. आणि कला महाविद्यालयाच्या मुलांना बोलवा, त्यांना तिकीट लावू नका.

आणखी एक काम आहे आणि ते घाईचं आहे. तुमच्या सभासदांच्या घरांत ८ एमएमच्या डब्या पडून असतील. कुणाच्या आत्याने, कुणाच्या आजीने साठ-सत्तरच्या दशकात कॅमेरा हातात घेतलेला असेल, बारशाचं, सहलीचं, गिरणीच्या संपाचं काहीतरी चित्रित केलेलं असेल. डबी उघडल्यावर आंबूस वास आला, तर ती फिल्म सडायला लागली आहे असं समजा, आणि ती प्रोजेक्टरवर मुळीच चढवू नका. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या जाणत्या माणसांना विचारा. पदमसींसारख्या नामांकित माणसाची फिल्म हरवू शकते, तर त्या आत्याची कोण शोधणार?

आमच्या गावच्या कार्यक्रमासाठी मी तयारी करून ठेवली आहे. शाळेचा एक प्रोजेक्टर मुख्याध्यापक द्यायला तयार आहेत, दुसरा माझ्या एका विद्यार्थ्याच्या दुकानातून मिळेल. दोन्हींचा उजेड सारखा पडतो का, ते आम्ही हॉलच्या भिंतीवर तपासलं. दुसऱ्याचा थोडा पिवळट येतो, तो जुळवून घेता येईल. भिंत पांढरी आहे, मधल्या खांबामुळे दोन चित्रांत आपोआप हातभर अंतर राहतं. पावसाळा संपल्यावर कुठलाही शनिवार चालेल, हॉल संध्याकाळी सहानंतर मोकळा असतो. स्टुडिओला पाठवायच्या पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे, खाली फक्त सचिवांची सही हवी.

आपली,
एक सभासद आणि निवृत्त कलाशिक्षिका